विषय: घराचं कर्ज बारा वर्षांत फेडायचं, पण सगळं बंद करून?

नमस्कार मंडळी,

गणपतीत मोदक वळताना वँटर्नाच्या ताईंपाशी हा विषय निघाला होता आणि आरती सुरू झाल्यामुळे अर्धाच राहिला. त्या म्हणाल्या, आपल्या ईमेल लिस्टवर लिही, बाकीच्यांनाही उपयोग होईल. म्हणून लिहितेय.

आम्ही 2021 मध्ये इथे मेलबर्नला, टार्नीटमध्ये घर घेतलं. दोन वर्षं फिक्स्ड होतं, म्हणजे दर बांधलेला, व्याज दोन टक्क्यांच्या जरासं वर, हप्ता महिन्याला 2,050 डॉलर. 2023 च्या मध्यात फिक्स्ड संपलं आणि हप्ता एकदम 3,230 झाला. ते वर्ष कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. 2025 मध्ये इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या, रिझर्व्ह बँकेने तीनदा दर उतरवला, तेव्हा कुठे 3,080 पर्यंत आलाय. 5 लाख बाकी आहेत आणि 26 वर्षं. व्याजाचा दर 5.7.

नवऱ्याने आता मनावर घेतलंय की पन्नाशीच्या आत कर्ज संपलंच पाहिजे, म्हणजे बारा वर्षांत. त्यासाठी डिसेंबरची भारतवारी रद्द, माझ्या आईबाबांना पुढच्या वर्षी बोलवायचं ते पुढे ढकलायचं, मोठीचं कथक बंद. तो वाईट माणूस नाही हो. 2023 ची धास्ती त्याच्या मनातून गेलेली नाही, एवढंच. पण रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडतो आणि आकडे मांडत बसतो, आणि घरात कुणी दोन डॉलरचं काही आणलं तरी मला चोरट्यासारखं वाटायला लागलंय.

मी आठवड्यातून तीन दिवस काम करते. धाकटा जानेवारीत प्रेपला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जाईल. ज्यांनी कर्ज लवकर फेडलंय त्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय सोडलंत आणि काय सोडलं नाहीत?

टार्नीटहून,
मोदकांच्या टेबलावरची तुमची मैत्रीण

* * *

अगं,

बरं केलंस लिहिलंस. सविस्तर सांगते, कारण आमचं घर 2006 मध्ये घेतलेलं आणि 2019 मध्ये फिटलेलं. तेरा वर्षांत दोन्ही गोष्टी करून झाल्यात, शहाणपणाही आणि चूकही.

आधी तुझ्या नवऱ्याच्या आकड्यांबद्दल. काल रात्री मी आणि ह्यांनी वही घेऊन ते मांडले. आहे तसा हप्ता भरत राहिलात तर 26 वर्षांत साधारण 4 लाख 60 हजार व्याज जाईल. त्याची भीती अगदी रास्त आहे. आज तुम्ही 3,080 भरता त्यातले 2,375 नुसते व्याजाचे आहेत, मुद्दल हलतं जेमतेम सातशेने. पण हेच कर्ज पंधरा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला 4,140 लागतात, म्हणजे आजच्यापेक्षा 1,060 जास्त, आणि तेवढ्याने 2 लाख 15 हजार व्याज वाचतं. आता बारा वर्षांचा हट्ट धरलात तर 4,800 लागतात. त्या वरच्या 660 डॉलरने वाचतात फक्त 54 हजार.

हे त्याला नीट दाखव. पहिले हजार डॉलर जे काम करतात ते पुढचे सहाशे साठ करत नाहीत. आणि घरातलं कथक, आईबाबा, डिसेंबर, हे सगळं नेमकं त्या सहाशे साठमध्ये बसलेलं आहे. 54 हजार थोडे नाहीत, मला कळतं. पण तुझी पोरगी आज नऊ वर्षांची आहे.

आता आमची चूक. 2008 च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेचा दर 7.25 वर गेला. रोज कुणीतरी म्हणायचं दहा टक्के होणार. घाबरून आम्ही निम्मं कर्ज तीन वर्षांसाठी फिक्स केलं, जवळपास नऊ टक्क्यांना. सहा महिन्यांत जगभर पडझड झाली आणि 2009 च्या एप्रिलपर्यंत इथला दर 3 वर आला. आमचं निम्मं कर्ज वरच अडकलेलं. मोडायचं तर बँकेने दंडाचा असा आकडा सांगितला की आम्ही फोन ठेवला. मग विचार केला, हेच महाग आहे तर जादा पैसे इथेच भरू. वर्षाला दहा हजारांपर्यंत भरायची मुभा होती. बोनस, टॅक्स रिफंड, माझे शिकवण्यांचे पैसे, सगळं तिकडे. गणिताने ते बरोबरच होतं.

डिसेंबरात रात्री दोन वाजता साताऱ्याहून फोन आला. सासरे बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ह्यांना लगेच जायचं होतं आणि मुलांना मागे ठेवायला कुणी नव्हतं. नाताळच्या तोंडावर चार तिकिटं. फिक्स्डमध्ये भरलेला एक डॉलरही परत निघेना. त्या पैशांना रीड्रॉ, म्हणजे जादा भरलेलं परत काढायची सोयच नव्हती, करारात लिहिलेलं होतं आणि आम्ही ते वाचलं नव्हतं. तिकिटं क्रेडिट कार्डावर काढली. घराचं नऊ टक्क्यांचं कर्ज फेडण्याच्या नादात अठरा टक्क्यांचं अंगावर घेतलं, आणि ते उतरायला पुढची दिवाळी उजाडली. सासरे त्या वेळी वाचले. पण त्या रात्री स्वयंपाकघरात उभे राहून हे मला म्हणाले, "आपल्याकडे पैसे आहेत गं, फक्त आपल्या हातात नाहीत." ते वाक्य मी विसरलेले नाही.

त्यानंतर आम्ही एकच पद्धत ठेवली. फिक्स्ड सुटल्यावर सगळं व्हेरिएबलवर, म्हणजे बदलत्या दरावर, आणलं आणि कर्जाला जोडलेलं ऑफसेट खातं घेतलं. तुमच्याकडे आहे ना? नसेल तर आधी ते करा. ऑफसेटमध्ये 22 हजार पडले असतील तर तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. हिशोब रोजच्या शिलकीवर होतो. तुमच्या दराने ते वर्षाला साडेबाराशे डॉलर झाले, आणि पैसे तुमचेच, रात्री दोन वाजताही काढता येतात. काही ठिकाणी त्यासाठी वर्षाला तीन-चारशे डॉलर फी असते. खात्यात चार पैसे राहणार असतील तर ती सहज भरून निघते.

काही बँकांत एकाच कर्जाला चार-पाच ऑफसेट खाती जोडता येतात. आम्ही त्यांना नावंच देऊन टाकली. एक "रेगो-रेट्स", म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, कौन्सिलचे रेट्स (घरपट्टी), घराचा विमा. या गोष्टी वर्षातून एकदा येतात आणि महिन्याचं बजेट कोलमडवतात. पंधरवड्याच्या पगारातून त्यांचा भाग आधीच बाजूला पडायचा. एक "मुलं". एक "सातारा", आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. 2016 मध्ये सासरे गेले तेव्हा ह्यांनी विमानतळावर जाता जाता टॅक्सीतून तिकीट काढलं आणि शेवटचे दोन दिवस ते त्यांच्या उशाशी होते. त्या खात्यात पडून असलेल्या पैशाने तोवर कर्जाचं व्याजही कमी केलं. तेव्हा भारतवारीसाठी बाजूला ठेवलेले पैसे म्हणजे कर्जापासून चोरलेले पैसे, असं जे नवऱ्याला वाटतंय ते खरं नाही. खर्च होईपर्यंत ते कर्जाच्याच बाजूने लढतात.

दुसरी गोष्ट, आणि आमचं कर्ज मुख्यतः हिच्यामुळे फिटलं: दर उतरला तरी आम्ही हप्ता उतरू दिला नाही. 2008 ला जो आकडा अंगवळणी पडला होता तोच भरत राहिलो. तुम्हीही 3,230 ची सवय केली होतीत ना? मग तिथेच परत जा, दीडशे डॉलर असेच निघाले.

आणि धाकटा प्रेपला जाईल तेव्हाचं आत्ताच ठरवा. डे-केअरला सरकारी सबसिडी जाऊन तुम्ही किती भरता? मोदकांच्या वेळी तू आठवड्याला 190 म्हणाली होतीस. म्हणजे महिन्याला आठशेच्या वर. शाळेनंतरच्या केअरला त्यातले दोनशे जातील, पण सहाशे उरतात. ज्या आठवड्यात डे-केअरचं बिल थांबेल त्याच आठवड्यात तेवढी रक्कम ऑफसेटकडे वळती करा. एक महिना जरी ते पैसे घरखर्चात मिसळले तर नंतर सापडणार नाहीत, हे आमच्या धाकट्याच्या वेळी झालंय. म्हणजे बघ, साडेसातशे झाले आणि अजून कथकला हातही लावला नाही. उरलेले तीनशे शोधायला विमा, वीज आणि मोबाइलची बिलं घेऊन एक रविवार बसा. बँकेला फोन करून व्याजदर कमी करा म्हणा. नवीन ग्राहकाला कमी दर देतात आणि जुन्याला विचारल्याशिवाय देत नाहीत.

आईबाबांना बोलव गं. माझी आई 2011 ला येणार होती. आम्ही म्हटलं, कर्ज थोडं उतरू दे, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तिला प्रवास झेपण्यासारखा राहिला नव्हता. हे घर तिने फोटोतच पाहिलं.

वँटर्ना साउथहून,
ताई

* * *

ताई, पत्र दोनदा वाचलं. तरीही एक वेगळा विचार मांडतो, राग मानू नका.

घर फेडायची एवढी घाई का? भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीला सात टक्क्यांच्या आसपास मिळतं, तेही करमुक्त. इथे 5.7 चं कर्ज फेडण्यापेक्षा पैसे तिकडे का ठेवू नयेत? नाहीतर सुपरमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या फंडात, सॅलरी सॅक्रिफाइस करा, पगारातून कर कापण्याआधीच पैसे तिकडे वळवा. तिथे 15 टक्केच कर लागतो, पगारावर तीस लागतो.

ढोल पथकातला ताशावाला, क्लाइड नॉर्थ

* * *

अरे, राग कसला. हा प्रश्न दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच.

एनआरई करमुक्त आहे ते भारतात. तू इथला कायमचा रहिवासी झालास की जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, ते व्याजसुद्धा. टेम्पररी व्हिसावर होतास तेव्हाची गोष्ट वेगळी होती, आणि तेव्हाची समजूत पुष्कळांच्या डोक्यात तशीच राहते. तीस टक्के कर आणि दोन टक्के मेडिकेअर (सरकारी आरोग्यसेवेचा कर) गेले की सातातले पावणेपाच उरतात, वर रुपया घसरला तर तेही नाहीत. उलट ऑफसेटने जे व्याज वाचतं ते उत्पन्नच नाही, त्यावर कर नाही. 5.7 वाचवणं म्हणजे करापूर्वी आठ टक्क्यांहून जास्त कमावणं झालं. बँकेत ठेवून ते कुठे मिळतं?

सुपरचं मात्र तुझं खरं आहे. आम्हीही पंचेचाळिशीनंतर तिकडे वळलो. मालकाचे 12 टक्के धरून वर्षाला एका मर्यादेपर्यंत कमी करात टाकता येतात, 2025-26 मध्ये ती 30 हजार होती. पण ते पैसे साठीपर्यंत काढता येत नाहीत. दोन लहान मुलं आणि भारतात चार म्हातारी माणसं असलेल्या अडतिशीच्या जोडप्याला मी आधी ऑफसेटच सांगेन.

आणि टार्नीटला तुम्ही कायम राहणार की पुढे ते भाड्याने देऊन शाळेसाठी इकडे यायचा विचार आहे? असेल तर जादा पैसे कर्जात भरू नका, ऑफसेटमध्येच ठेवा. कर्जात भरून पुढे नव्या घरासाठी रीड्रॉ केलेत तर त्या रकमेचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही, कारण पैसे राहत्या घरासाठी वापरले गेले. ऑफसेटमधून काढलेत तर जुनं कर्ज जसंच्या तसं राहतं. घर बदलण्याआधी अकाउंटंटला अर्धा तास विचारा.

ताई

* * *

ताई,

तुमचं पत्र मी पुढे केलं नाही, मोठ्याने वाचून दाखवलं. सासऱ्यांच्या फोनपाशी आल्यावर त्याने लॅपटॉप मिटला. नंतर त्यानेच पुन्हा उघडला आणि पंधरा वर्षांचा तक्ता करून बघितला. तुमचे आकडे बरोबर आहेत म्हणाला.

आमचं असं ठरलंय: हप्ता पुन्हा 3,230. फेब्रुवारीपासून डे-केअरचे सहाशे ऑफसेटला, आणि बाकीचे जमतील तसे. डिसेंबरला यंदा जात नाही, हे मी मान्य केलं, कारण त्याऐवजी आईबाबा मार्चमध्ये येतायत. कथक चालू आहे. बँकेला काल फोन केला, वीस मिनिटं धरून ठेवलं आणि 0.15 ने दर कमी केला. तेवढ्याशा फोनचे वर्षाला साडेसातशे डॉलर!

एका खात्याचं नाव त्याने स्वतःच "सांगली" ठेवलं. आत्ता त्यात 400 आहेत.

तुमचं मोदकपात्र माझ्याकडे राहिलंय. शनिवारी मराठी शाळेत घेऊन येते, आणि वहीसुद्धा. विम्याच्या बिलात एक ओळ आम्हाला दोघांनाही कळली नाही, ती तुम्हाला दाखवायची आहे.