मदत हवी आहे: दावा हरलेल्या प्रा. लि. कंपनीचा खर्च संचालकाकडून वसूल होतो का?

टॉवेल_अक्कलकोट_रोड
सूत पुरवणाऱ्या एका प्रा. लि. कंपनीने आमच्या कारखान्यावर 11 लाख 40 हजारांच्या थकबाकीचा दावा लावला होता. व्यावसायिक दावा म्हणून चालला, खर्चासह फेटाळला गेला. हुकूमनाम्यात आमचा खर्च 86 हजार धरलाय. कंपनीचं खातं रिकामं, गोदाम भाड्याचं होतं तेही सोडलं. संचालक मात्र सोलापुरातच, दुसऱ्या नावाने तोच धंदा करतोय. वादपत्रावर सही त्याचीच. दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) थेट त्याच्यावर लावता येईल का?

काळा_कोट
नाही. सही कंपनीच्या वतीने असते (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 29 नियम 1), तेवढ्याने तो पक्षकार होत नाही. दरखास्तीच्या कोर्टाला हुकूमनाम्याबाहेर जाता येत नाही.

साध्या दिवाणी दाव्यात खर्च कोणी द्यायचा, कोणत्या मालमत्तेतून द्यायचा, हे ठरवायचा पूर्ण अधिकार कलम 35 ने कोर्टाला दिलाय. तिथे मागे बसून केस चालवणाऱ्याविरुद्ध मागणी करायला निदान शब्दांचा आधार आहे, पण तीही निकालाआधी आणि त्याला नोटीस देऊन. तुमचा वाद मालविक्रीचा, 3 लाखांच्या वरचा. तिथे 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने बदललेलं कलम 35 लागतं आणि ते ‘एका पक्षाने दुसऱ्याला’ एवढंच बोलतं. (इंग्लंडमध्ये 1981 च्या सीनियर कोर्ट्स अ‍ॅक्टचं कलम 51 पक्षकार नसलेल्यापर्यंतही पोचतं. नेटवरचे बरेच लेख त्यावरचे आहेत, ते इथे दाखवू नका.)

खरं तर दावा चालू असतानाच आदेश 25 खाली वादीकडून खर्चाचं तारण मागायला हवं होतं. ते गेलं.

आता कंपनीवर दरखास्त घाला, मुदत 12 वर्षं आहे. हुकूमनाम्याला 30 दिवस होऊनही पैसे आले नसतील तर सोबत आदेश 21 नियम 41(2) चा अर्ज द्या. कंपनीच्या अधिकाऱ्याला, म्हणजे याच संचालकाला, परिशिष्ट ई च्या नमुना 16-अ मध्ये कंपनीच्या मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. टाळलं तर 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. पोटनियम (1) खाली त्याची तोंडी तपासणीही मागा: शिल्लक सूत कुठे गेलं, संचालकाने कंपनीला दिलेलं स्वतःचं कर्ज कधी परत घेतलं, कोणाकडे येणं आहे. गावातल्या दुसऱ्या कारखान्याकडे उधारी निघाली तर नियम 46-अ ने ती थेट कोर्टात भरायला लावता येते. 86 हजार बहुतेक वेळा इथेच सुटतात.

टॉवेल_अक्कलकोट_रोड
आणि त्याने कंपनीच बंद करून टाकली तर?

सीएस_होटगी_रोड
तर तो स्वतः अडकायची शक्यता उलट वाढते. कंपनीने स्वतःहून नोंदणीतून नाव काढायला एसटीके-2 हा अर्ज भरला की प्रत्येक संचालकाला एसटीके-3 नमुन्यातला नोटरी केलेला हमीपत्र-बंध द्यावा लागतो. नंतर निघणारी कायदेशीर देणी आम्ही फेडू, असं त्यात असतं. देणं चुकवायला किंवा धनकोंना फसवायला असा अर्ज केल्याचं ठरलं तर कंपनी कायदा 2013 चं कलम 251 लागतं. नाव काढल्याने ज्याचं नुकसान झालं त्याला व्यवस्थापनातली माणसं संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार.

एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर कंपनी मास्टर डेटा फुकट दिसतो, महिन्यातून एकदा बघत जा. एसटीके-6 ची (नाव काढण्याची जाहीर) नोटीस निघाली की 30 दिवसांत हुकूमनाम्याची सही नक्कल लावून हरकत घ्या. चुकलंच, तर कलम 252(3) खाली धनको म्हणून 20 वर्षांच्या आत एनसीएलटी (कंपनी न्यायाधिकरण) मुंबईकडे नाव परत आणायचा अर्ज होतो, पण 86 हजारांसाठी मुंबईच्या फेऱ्या परवडणार नाहीत. हरकत वेळेत घेणंच स्वस्त.

दिवाळखोरी संहितेचं कोणी सुचवलं तर ऐकू नका, तिथे 1 कोटीच्या थकबाकीची अट आहे.

टॉवेल_अक्कलकोट_रोड
आत्ताच पाहिलं, स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’. हुकूमनाम्याला 47 दिवस झालेत.

काळा_कोट
मग थांबू नका. हुकूमनाम्याच्या सही नकलेचा अर्ज उद्याच टाका, आणि शेवटचा खर्चाचा तक्ता नीट वाचा. वकील फी तिथे धरलेली नसेल तर दरखास्तीत ती मागता येणार नाही.