मदत हवी आहे : दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस – आंबोली, जव्हार की चिखलदरा?

मंडळी, मागच्या दिवाळीत एका नावाजलेल्या थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. शेवटच्या पाच किलोमीटरला अडीच तास लागले. आईने गाडीतच चिवड्याचा डबा संपवला आणि पॉइंटवर पोहोचल्यावर लेकाने विचारलं, "इथे करायचं काय?" घोडा आणि मक्याचं कणीस सोडून माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंदा डोंगरातलं छोटं गाव हवंय. निघणार पुण्याहून, स्वतःच्या गाडीने, भाऊबीज झाली की. आई बहात्तर वर्षांची, गुडघे कुरकुरतात. लेक चौदाचा, त्याला गड चढायचाय. मला तिथल्या माणसांचं काहीतरी बघायचंय, नाच, नाटक, हस्तकला, काहीही. तीन नावं डोक्यात आहेत, ती वर दिलीच आहेत. कुठे जावं? आणखी काही सुचत असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद १
चिखलदरा सुंदरच. उंची 1118 मीटर, त्यामुळे तेव्हा खरी थंडी असते. गाविलगड आहे, कॉफीचे मळे आहेत, आजूबाजूला कोरकू आदिवासींची गावं आहेत. पण पुण्याहून अमरावती, मग परतवाडा, मग घाट. चारातले दोन दिवस गाडीतच जातील. आठवडा असेल तेव्हा जा.

प्रतिसाद २
जव्हारला दोनदा गेलोय. तिथल्या मुकणे राजघराण्याचा जय विलास राजवाडा, दाभोसा धबधबा आणि वारली पाडे. चित्रं दुकानातली नाही, घराच्या भिंतीवरची बघा. नव्या भाताच्या दिवसांत तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, कानावर पडला तर नशीब. फक्त थंडीची आशा ठेवू नका, उंची साडेचारशे मीटरच्या आसपास. दुपारी घाम निघतो.

प्रतिसाद ३
मी सावंतवाडीचा, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. आंबोलीला या, पण धबधब्यासाठी नको. दिवाळीनंतर त्याची धार बारीक होते. निपाणी-आजरा रस्त्याने या. पहिल्या दिवशी हिरण्यकेशीचा उगम. गुहेतून पाणी येतं, पुढे देवळाचं कुंड. तिथल्या एका छोट्या माशाला 2020 मध्ये नदीचंच नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आईंना सावकाश जमेल. लेकाला मनोहर-मनसंतोषगडावर न्या. शिरशिंग्याच्या बाजूने वाट आहे, गावातला माणूस सोबत घ्या, एकटे घुसू नका.

मग एक दिवस घाट उतरून सावंतवाडी, साधारण तीस किलोमीटर. राजवाड्यात गंजिफा बघा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी संचात 120 असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. चितार आळीत लाकडी आंबे, पपया, वांगी मिळतात. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याने एकदा त्यातलं केळं सोलायला घेतलं होतं.

आता मुख्य मुद्दा. भाऊबीजेला लागून आलात तर दशावतार, म्हणजे आमच्याकडचं रात्रीचं लोकनाट्य, चुकेल. आमच्या जत्रा खऱ्या सुरू होतात त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास. मग रोज कुठल्या ना कुठल्या गावात दहीकालो, म्हणजे जत्रेतलं हे नाटक. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद मात्र उभ्या उभ्या. पेटी, मृदंग, झांज आणि रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच जंगल. देवळामागे नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवताना दिसतात. लेकाला तिथे घेऊन जा, नाटकाइतकंच ते बघण्यासारखं. तारीख दहा-बारा दिवस पुढे ढकलता येते का बघा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आंबोली नक्की! त्रिपुरीच्या आठवड्यात लेकाची शाळा उघडलेली असेल, दोन दिवस बुडवू. (हे त्याला सांगितल्यावर घरात जो आवाज झाला तो तारप्याहून मोठा होता.) प्रतिसाद ३, एक शंका. नाटक किती वाजता सुरू होतं? आई बसू शकेल का?

प्रतिसाद ३
पालखी फिरून झाल्यावर, म्हणजे मध्यरात्र धरून चला, संपतं पहाटे. आईंना दुपारी झोपवा. सोनुर्लीसारखी मोठी जत्रा टाळा, गर्दीत गुडघ्यांचे हाल होतील; लहान गावातली बघा. लोक जमिनीवर बसतात, पण घडीची खुर्ची आणून कडेला लावलीत तर कुणी उठा म्हणणार नाही. आणि शाल हवीच. अर्ध्या रात्रीनंतर दव पडतं, जत्रेतल्या खाज्याचा (गोड खाऊ) पुडासुद्धा ओला होतो.