नुसती बेअरिंग्ज बदलून भागणार नाही

एकाच्या गाडीचं इंजिन गरम झालं की खालून ठोका येतो, तर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) न उतरवता खालूनच नवी बेअरिंग्ज (तो दांडा ज्यांत फिरतो त्या पातळ अर्धगोल पट्ट्या) घाला, असं त्याला वरच्या उत्तरात सुचवलंय. कृपया घाई करू नका. आधी क्रँकचं प्रत्येक जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने आडवं-उभं मोजून घ्या. ते अंडाकृती झालं असेल किंवा ओरखडा नखाला अडकत असेल, तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ (घासून बारीक झालेल्या जर्नलवर बसेल असं, आतून तेवढं लहान) बेअरिंगच लागतं. स्टँडर्ड मापाचं तिथे टिकत नाही. माझ्या जुन्या डिझेल गाडीत हे भोगलंय. कॅप्स (बेअरिंग जागेवर धरणारी बोल्टची झाकणं) काढतानाच खुणा करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. आणि ऑइल पंप, क्रँकमधली तेलाची भोकं तपासल्याशिवाय चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) लावू नका. तेल पोचत नसेल तर नवी बेअरिंग्जही तशीच जातील.