घरून टेस्टिंग: समोर नसलेल्या डेव्हलपरला बग कसा दाखवता?

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये मला अकरा वर्षे झाली. मार्च २०२० मध्ये आमची टीम घरून काम करू लागली आणि पुढे तीच व्यवस्था कायम झाली. कार्यालयात बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, सापडला की मी डेव्हलपरला हाक मारायचे, तो खुर्ची सरकवून माझ्या स्क्रीनसमोर यायचा आणि मी त्याच्या देखत तीच कृती पुन्हा करून दाखवायचे. त्यानंतर तिकिटात, म्हणजे बगच्या लेखी नोंदीत, दोन ओळी लिहिल्या तरी भागत असे, कारण खरी माहिती बोलण्यातून पोहोचलेली असायची. ते बोलणे आपल्या कामाचा केवढा मोठा भाग होते, हे घरी बसल्यावर महिनाभरातच मला कळून चुकले.

तेव्हा मी एका तिकिटात लिहिले होते, “कधी कधी एकाच खरेदीच्या दोन ऑर्डर तयार होतात.” ‘रीप्रोड्यूस होत नाही’, म्हणजे आमच्याकडे तसे पुन्हा घडत नाही, असा शेरा घेऊन ते तिकीट तीन वेळा परत आले. चौथ्या वेळी मी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी केला, स्क्रीनचे रेकॉर्डिंग सुरू केले आणि पैसे भरण्याचे बटन निष्क्रिय होण्याआधी पुन्हा दाबता येते हे टिपले. सर्व्हरकडे गेलेल्या दोन विनंत्यांमध्ये सुमारे ४०० मिलिसेकंदांचे अंतर होते. नेटवर्कची ती सगळी नोंद मी एचएआर फाइल म्हणून तिकिटाला जोडली. (अशा फाइलमध्ये लॉगिनची टोकन आणि कुकीही असू शकतात, त्या काढूनच ती पुढे पाठवावी.) त्याच संध्याकाळी बग दुरुस्त झाला. डेव्हलपर आडमुठा नव्हता. त्याच्याकडचे इंटरनेट वेगवान होते आणि माझ्या आधीच्या वाक्यात त्याला धरून पुढे जाण्यासारखे काहीच नव्हते.

घरून टेस्टिंग करणाऱ्या सर्वांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी मनापासून विनंती आहे. आपल्याला जे दिसले ते दूरच्या माणसाला दिसावे यासाठी आपण काय काय शिकलात, आणि कुठे अजूनही अडते, हे जाणून घ्यायला आवडेल.

*

माझे काम मोबाइल ॲपच्या टेस्टिंगचे आहे. कार्यालयात फोनांचे एक कपाट होते, त्यातले सात फोन आता माझ्या टेबलावर असतात. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नकली फोनवर, बरेचसे काम होते, पण फोन तापल्यावर ॲप किती रेंगाळते, मेमरी कमी पडली की काय होते, मध्येच कोणाचा कॉल आला तर भरलेली माहिती टिकते का, या प्रश्नांची भरवशाची उत्तरे खऱ्या फोनवरच मिळतात. एक सूचना आवर्जून करतो: हे फोन दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवू नयेत. माझ्याकडच्या एका जुन्या फोनची बॅटरी फुगून त्याचे मागचे झाकण उचलले गेले होते.

एका ॲपमध्ये लांबलचक अर्ज भरून झाल्यावर कागदपत्राचा फोटो काढायला कॅमेरा उघडला की परत येईपर्यंत अर्ज कोरा झालेला असे. हे फक्त २ जीबी रॅमच्या फोनवर आणि तेही दहापैकी तीन-चार वेळाच घडे. डेव्हलपरकडे तसा फोन नव्हता आणि माझा फोन त्याच्या हातात देणे शक्य नव्हते. कॅमेऱ्याला मेमरी हवी म्हणून अँड्रॉइड मागे गेलेले आमचे ॲप मोडीत काढत असावे, असा मला संशय आला. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाची एक सोय आहे. ती सुरू केली की वापरणारा एखादा स्क्रीन सोडून गेल्याबरोबर अँड्रॉइड तो स्क्रीन नष्ट करते. ती सुरू केल्यावर माझ्याकडच्या सातही फोनांवर अर्ज दर वेळी कोरा होऊ लागला. मी तिकिटात पहिली पायरी म्हणून तीच लिहिली आणि डेव्हलपरला त्याच्या भरपूर मेमरीच्या नव्या फोनवर पहिल्याच प्रयत्नात बग दिसला.

तेव्हापासून, क्वचित घडणारा बग नेहमी घडेल अशी परिस्थिती शोधून काढणे, हे मी तिकीट लिहिण्याआधीचे माझे काम मानतो. त्यासाठी लॉगकॅट, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये आत काय घडते त्याची नोंद (लॉग), वाचायला शिकावे लागले. पूर्वी केबल लावून लॉग काढण्याचे काम डेव्हलपरच येऊन करत असत.

*

आमचे डेव्हलपर अमेरिकेत आहेत आणि डिझाइनची टीम युरोपात. माझा दिवस संपत येतो तेव्हा डेव्हलपरांचा सुरू होतो. तिकिटात बिल्ड क्रमांक, म्हणजे सॉफ्टवेअरची नेमकी कोणती आवृत्ती तपासली तो आकडा, लिहायचा राहिला, तर त्यांचा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो, माझे उत्तर ते त्यांच्या सकाळी वाचतात आणि एका आकड्यापायी सबंध दिवस जातो. म्हणून पाठवण्याआधी मी प्रत्येक तिकीट एकदा परक्याच्या नजरेने वाचते. वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असणाऱ्या प्रमाणवेळेत, लिहिते, कारण अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांचाच एका तासाचा घोटाळा होतो.

या अंतरामुळे एक बग मात्र हाती लागला, जो एका खोलीत बसून कधीच सापडला नसता. वापरणाऱ्याची जन्मतारीख मी भरली १५ मार्च आणि मला ती बरोबर दिसत होती. अमेरिकेतल्या सहकाऱ्याने तेच खाते उघडले तेव्हा त्याला १४ मार्च दिसली. वर्ष-महिना-दिवस अशा प्रमाण पद्धतीने लिहिलेल्या नुसत्या तारखेचा अर्थ जावास्क्रिप्ट ‘यूटीसीची मध्यरात्र’ असा लावते. यूटीसीच्या पुढे असलेल्या माझ्या घड्याळात तेव्हा त्याच तारखेची पहाट झालेली असते, आणि यूटीसीच्या मागे असलेल्या त्याच्या घड्याळात आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. कित्येक महिने माझ्या बाजूने ‘पास’ होत आलेली ती टेस्ट केस मुळातच अपुरी होती, हे मला फार लागले. आता तारखेशी संबंधित कोणतीही गोष्ट मी क्रोमच्या सेन्सर्स पॅनेलमधून यूटीसीच्या मागचा एक आणि पुढचा एक असे किमान दोन कालविभाग लावून तपासते.

*

मला दिसत नाही. मी ॲक्सेसिबिलिटीचे टेस्टिंग करतो, म्हणजे संकेतस्थळे आणि ॲप स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वापरता येतात का ते पाहतो. संगणकावर मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो. घरून काम करताना माझी पहिली अडचण कानांची होती. बैठकीत माणसांचे आवाज आणि एनव्हीडीएचा आवाज एकाच वेळी एकाच हेडफोनमधून येत, आणि स्क्रीन शेअर करून दाखवताना मी काय ऐकतो आहे ते समोरच्यांना ऐकूच जात नसे. आता बैठकीसाठी एक आणि एनव्हीडीएसाठी दुसरे अशी दोन ध्वनी उपकरणे मी लावतो. डाव्या कानात सहकारी असतात आणि उजव्या कानात स्क्रीन.

खरा फरक पडला तो एनव्हीडीएमधल्या स्पीच व्ह्यूअरमुळे. स्क्रीन रीडर जे बोलतो ते या खिडकीत मजकूर म्हणून उमटत जाते. पूर्वी “बटनाला नाव नाही” असे मी लिहिले की डेव्हलपर उत्तर देत, की बटनावर कचऱ्याच्या डब्याचे चित्र आहे, त्याचा अर्थ स्पष्ट आहे. मग एका यादीच्या पानावर मी टॅब दाबत गेलो आणि स्पीच व्ह्यूअरमधला मजकूर जसाच्या तसा तिकिटात उतरवला: बटन, बटन, बटन, बटन. एकाखाली एक असे चोवीस वेळा. त्याखाली लिहिले, की यांतले एक बटन नोंद कायमची पुसते आणि ते कोणते हे मला कळायला मार्ग नाही. डब्ल्यूसीएजी, म्हणजे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, यांतला निकष ४.१.२ पाहावा. त्या तिकिटावर कोणीही वाद घातला नाही. निकषाचा क्रमांक आवश्यक असतोच, परंतु डेव्हलपरच्या मनात गोष्ट उतरली ती त्या चोवीस ओळींनी, असे मला वाटते.

रेकॉर्डिंग पाठवणार असाल तर स्क्रीन रीडरच्या बोलण्याचा वेग आधी कमी करावा. आम्हाला सवयीचा असलेला वेग इतरांना नुसता गोंगाट वाटतो.

*

मी ऑटोमेशनमध्ये आहे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्ट लिहितो, त्यामुळे घरून काम करणे मला तुलनेने सोपे गेले. रात्री टेस्ट चालतात, सकाळी निकाल पाहायचा. अडचण येते ती कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टची. कार्यालयात “ती टेस्ट तशीच आहे, पुन्हा चालव” असे तोंडी सांगून निभावत असे. दूर बसलेला नवा सहकारी मात्र लाल (म्हणजे फेल) निकाल पाहून अर्धा दिवस शोधत राहतो किंवा, त्याहून वाईट, लाल रंगाकडे लक्ष देणेच सोडून देतो. आम्ही टेस्टच्या कोडमधल्या ठरावीक सेकंद थांबण्याच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या, त्या जागी स्क्रीनवर हवा तो घटक दिसेपर्यंत थांबण्याची अट घातली, आणि तरीही डगमगणाऱ्या टेस्ट कारण लिहून वेगळ्या काढल्या.

*

एक कटू अनुभव सांगते. मी पूर्वी ज्या कंपनीत होते तिथे घरून काम सुरू होताच संगणकावर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले गेले. माउस आणि कीबोर्ड काही मिनिटे हलला नाही की आपण ‘निष्क्रिय’ ठरत असू. टेस्टरच्या कामाचा मोठा भाग विचार करण्यात जातो. मी वहीत अवस्थांची आकृती काढते: ऑर्डर दिलेली, पैसे भरलेले, रद्द केलेली, परतावा दिलेला. मग एका अवस्थेतून दुसरीकडे नेणारा कोणता बाण राहून गेला ते शोधते. परतावा मिळालेली ऑर्डर पुन्हा रद्द करून दुसऱ्यांदा परतावा घेता येतो, हा त्या वर्षातला सर्वांत गंभीर बग मला त्या वहीत सापडला, आणि त्या पाऊण तासासाठी माझ्या नावावर निष्क्रियतेची नोंद झाली. बगांची संख्या हेही तिथे मोजमाप होते, म्हणून काही जण एकाच चुकीची पाच तिकिटे करत. मी ती नोकरी सोडली.

आता मी एका लहान टीमची प्रमुख आहे. नव्या मुलांचा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो. आम्ही जुन्या टेस्टरांच्या शेजारी बसून शिकलो. ते कुठे थांबतात, कशावर त्यांना संशय येतो, हे पाहत शिकलो. घरी एकट्या बसलेल्या मुलीला ते कुठून मिळणार? आठवड्यातून दोनदा, एक तास, मी तिच्याबरोबर स्क्रीन शेअर करून टेस्टिंग करते आणि मनात येणारी प्रत्येक शंका मोठ्याने बोलते. दुसऱ्या तासाला ती बोलते आणि मी ऐकते. हे वेळखाऊ आहे, रिलीजच्या आठवड्यात तर फारच जड जाते, पण मी ते चुकवत नाही.

*

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. चार वर्षे घरून काम केल्यानंतर मी स्वेच्छेने कार्यालयात परतलो. लेखी शब्दांत माझा सूर फार कोरडा लागतो आणि डेव्हलपरांना माझी तिकिटे आरोपासारखी वाटत. “तुम्ही तपासणी घातलेली नाही” याऐवजी “रकाना रिकामा ठेवूनही अर्ज स्वीकारला गेला” असे लिहायला मी शिकलो आणि त्याने पुष्कळ फरक पडला. तरी मला माणसांचे चेहरे समोर हवे होते, हे मान्य करतो.

*

वरचा बटनांचा अनुभव वाचला आणि माझ्या एका तिकिटाची आठवण झाली. नावाच्या रकान्यात चाचणीसाठी मी नेहमी मराठी नावे भरते. एका प्रणालीत ‘क्षितिज’ हे नाव साठवले की परत येताना ‘क्षिति’ आणि पुढे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह असे दिसे. डेव्हलपरला देवनागरी वाचता येत नव्हती. मी स्क्रीनशॉट पाठवला, पण त्यातले मूळ नाव आणि तुटलेले नाव त्याला सारखेच अनोळखी होते. शिवाय रकान्याला वीस अक्षरांची मर्यादा आहे आणि हे नाव तर तीनच अक्षरांचे दिसते, असे त्याचे म्हणणे होते.

मग मी ते नाव सोडवून लिहिले: क, पाय मोडण्याचे चिन्ह, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, ऱ्हस्व वेलांटी, ज. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ही सात चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीची लहान एकके) घेते, म्हणजे एकूण २१ बाइट. डेटाबेसमधली जागा वीस अक्षरांची नव्हती, ती वीस बाइटांची होती, त्यामुळे शेवटच्या ‘ज’चे दोन बाइट आत गेले आणि तिसरा बाहेर राहिला. सात ओळींचा तो तक्ता पाहिल्यावर डेव्हलपरने एका तासात जागा वाढवली आणि बाकीच्या रकान्यांमध्ये हाच दोष आहे का ते स्वतःहून तपासले. पत्त्याच्या रकान्यातही तो निघाला. त्या प्रणालीच्या रात्रीच्या ऑटोमेशनमध्ये त्याने नंतर एक टेस्ट घातली. तिच्यात साठवले जाणारे नाव ‘क्षितिज’च आहे.