रोटॅक्स 912 यूएलएस: काउलिंगबाहेरून हवा घेण्याचा फायदा किती?

प्रश्न: मी बांधत असलेल्या दोन आसनी विमानाला 100 अश्वशक्तीचे रोटॅक्स 912 यूएलएस इंजिन बसवले आहे. दोन्ही बिंग कार्ब्युरेटरांना फिल्टर थेट जोडलेले असल्यामुळे इंजिन काउलिंगमधली (इंजिनावरच्या आवरणातली) तापलेली हवा ओढते. पुढे तोंड काढून एअरबॉक्समार्गे (कार्ब्युरेटरांना हवा पुरवणाऱ्या बंद पेटीतून) हवा दिली, तर वेगामुळे मिळणाऱ्या दाबाने शक्ती वाढेल का? क्रूझचा (सरळ, स्थिर उड्डाणाचा) वेग 100 नॉट अपेक्षित आहे.

पहिले उत्तर: बदल जरूर करावा, मात्र दाबाच्या आशेने नव्हे. समुद्रसपाटीला 100 नॉट वेगाने मिळणारा गतिज दाब सुमारे 16 हेक्टोपास्कल असतो. वळणांत आणि फिल्टरमध्ये काहीच वाया गेले नाही असे धरले (तसे कधीच होत नाही) तरी तो वातावरणीय दाबाच्या जेमतेम 1.6 टक्के भरतो. याउलट बाहेर 27 अंश आणि काउलिंगमध्ये 57 अंश तापमान असेल, तर आतल्या हवेची घनता 9 टक्क्यांनी कमी असते. तेव्हा तोंडाच्या आकारावर डोके शिणवण्यापेक्षा हवेची नळी एग्झॉस्टपासून दूर न्यावी.

दुसरे उत्तर: हिशेब पटला, पण फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) व्हेंट नळ्यांचा, म्हणजे तिच्यात हवेचा दाब पोहोचवणाऱ्या नळ्यांचा, विचार राहून गेला आहे. त्या काउलिंगमध्ये मोकळ्या न सोडता एअरबॉक्सलाच जोडाव्यात. ते 16 हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे 22 सेंटिमीटर पेट्रोलच्या स्तंभाचा दाब. तो कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आहे आणि बाउलवर नाही, अशी स्थिती आली की जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी येते व मिश्रण पातळ होते. जमिनीवरच्या चाचणीत हे दिसत नाही, कारण उभ्या विमानाला हा दाब मिळतच नाही.

प्रश्नकर्ता: गार हवेमुळे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याचा धोका वाढणार नाही का?

दुसरे उत्तर देणारे: वाढतो, दमट हवेत बाहेर 20 अंश असतानाही बर्फ धरू शकतो. एअरबॉक्सला कॉकपिटमधून केबलने चालणारी झडप ठेवावी, जी बाहेरची वाट बंद करून एग्झॉस्टभोवतीची गरम हवा देईल. ही हवा फिल्टरच्या पलीकडे, कार्ब्युरेटरच्या बाजूला यावी, म्हणजे फिल्टर पावसाने भिजला वा चोंदला तरी इंजिन गुदमरणार नाही. मात्र तिथे सुटलेला रिव्हेट किंवा नट सरळ इंजिनात जातो, म्हणून त्या झडपेच्या बिजागऱ्या प्रत्येक तपासणीत हाताने हलवून पाहाव्यात.