बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर एकच, मग जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का?

खानापूरकर:
नमस्कार. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मी बंगळूरहून सॅन फ्रान्सिस्कोला बहिणीकडे जाणार आहे. तिकिटानुसार मंगळवारी दुपारी २ वाजता निघून त्याच मंगळवारी दुपारी साडेचारला पोहोचायचे आहे. परतताना मात्र रात्री साडेआठला निघून तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उतरायचे आहे. घड्याळांतील फरक मला ठाऊक आहे, तरीही प्रत्यक्ष उड्डाणाचे तास जुळत नाहीत. आईला मधुमेह असल्याने गोळ्यांच्या वेळा आधीच ठरवाव्या लागतील.

टिळकवाडीकर:
डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते; उन्हाळ्यात तिथले घड्याळ एक तास पुढे केले जात असल्याने हा फरक साडेबारा तासांवर येतो. त्यामुळे जाताना अडीच अधिक साडेतेरा, म्हणजे १६ तास होतात. परतीचे उड्डाण साडेसतरा तासांचे आहे. मनगटावरचे घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवरच ठेवा आणि गोळ्यांच्या वेळा त्यावरून मोजून निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

सांबरा रोड:
या दोन विमानतळांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर ही वाट अटलांटिकवरून जात असावी असे वाटते, पण मुलांच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहिल्यास तो उत्तर ध्रुवाजवळून जातो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे या मार्गावरील पहिले थेट विमान ध्रुवावरूनच बंगळूरला आले होते आणि त्यातील वैमानिक महिला होत्या.

वेळेतील फरक वाऱ्यामुळे पडतो. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, असा समज सर्रास आढळतो. परंतु हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने तो बरोबर नाही. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. पूर्वेकडे पॅसिफिकवरून जाताना ते पाठीशी मिळतात, परतताना समोरून येतात; ते पाठीशी घेण्यासाठी विमाने कित्येकदा मुद्दाम लांबची वाट धरतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेण्यात आले, तेव्हा अंतर हजाराहून अधिक किलोमीटरने वाढून १५,००० च्या पुढे गेले, तरी ते साडेचौदा तासांत पोहोचले. म्हणून अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून काढलेला आकडा अंदाजापुरताच धरावा.

निपाणीकर:
माझी कळकळीची विनंती आहे की हिशेब बंगळूरपासून न धरता घरापासून धरावा. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बंगळूरचे तिकीट वेगळे काढले असेल, तर तिथे सामान परत घेऊन पुन्हा द्यावे लागते, आणि पहिले विमान चुकल्यास पुढची कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस या रेल्वेने गेलात, तरी बंगळूर स्थानकापासून देवनहळ्ळीचा विमानतळ पस्तीसेक किलोमीटर दूर आहे आणि सकाळच्या गर्दीत तेवढ्याला दीड-दोन तास सहज जातात. वयस्क मंडळी बरोबर असल्याने मी तरी आदल्या दिवशीच बंगळूरला मुक्काम केला असता.

खानापूरकर:
सर्वांचा आभारी आहे. सोमवारी संध्याकाळीच बंगळूर गाठून विमानतळाजवळ राहायचे ठरवले आहे. १६ आणि साडेसतरा तासांचे हे गणित कागदावर मांडून उद्या आईच्या डॉक्टरांना दाखवतो.