प्रतिसाद: न्को म्हणजे अरबीची बहीण नव्हे

वर कुणीतरी न्को लिपीला 'अरबीचंच बदललेलं रूप' म्हटलंय, ते पटलं नाही. उजवीकडून डावीकडे लिहितात आणि अक्षरं तळाशी जोडलेली असतात, इतपत साम्य खरं. पण ही लिपी सोलोमाना कांटे या गिनीतल्या माणसाने 1949 साली मांडिंग या पश्चिम आफ्रिकी भाषांच्या गटासाठी घडवली. आफ्रिकी भाषा लिहिण्याजोग्या नाहीत, हे विधान त्यांना झोंबलं होतं.

मुख्य फरक स्वरांचा. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा गाळतात. न्कोमध्ये सातही स्वरांना स्वतंत्र अक्षरं आहेत. आपल्यासारखी काना-मात्रा नाही, व्यंजनाशेजारी स्वर पूर्ण उभा. अनुनासिक स्वर असेल तर त्याच्या खाली टिंब येतं. अनुस्वार डोक्यावर द्यायची सवय असलेल्या मला हे फार गोड वाटतं!

स्वराच्या डोक्यावरची जागा कांटेंनी सुरांच्या (आवाजाच्या चढ-उताराच्या) खुणांसाठी ठेवली, आणि माझ्या मते खरी कमाल तिथेच आहे. बांबारा या मांडिंग भाषेत 'सो' म्हणजे घोडा आणि 'सो' म्हणजे घरही. फरक फक्त सुराचा. रोजच्या रोमन लिखाणात दोन्ही सारखेच दिसतात, न्कोमध्ये खूण पाहिली की उलगडा होतो. अंकसुद्धा उजवीकडूनच: 1949 लिहिताना 1 सगळ्यात उजवीकडे. अरबीत आकडे डावीकडून वाचतात, म्हणजे इथेही वाट वेगळी.

'न्को'चा अर्थ 'मी म्हणतो', आणि बांबारा, मनिंका, द्युला अशा मांडिंग भाषा बोलणारे सगळे तो तसाच उच्चारतात. 2006 पासून ती युनिकोडमध्येही आहे, तेव्हा मोबाइलवर अक्षरं जरूर उघडून बघा.